छत्रीचा प्रसंग

९ नोव्हेंबर, रविवार

संपादक मधुवंतीताईंचा फोन आला. कादंबरी घेतली! जानेवारीत छापायला जाईल म्हणाल्या. दोन कथासंग्रह झाले, पण कादंबरी ही पहिलीच. पंचेचाळिसाव्या वर्षी. चार वर्षं बोरिवलीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घरी यायचं, चहा घ्यायचा आणि जेवणापर्यंत लिहायचं असं चाललं होतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं. कुकर लावू का?"

बस्स. कादंबरी बाबांवर आहे हे तिला माहीत आहे. चार वर्षांत तिने एक पानसुद्धा मागितलं नाही. चारकोपमधल्या या दीड खोलीत मी टेबलापाशी बसले की ती मुद्दाम आत जाऊन काहीतरी निवडत बसते. तिला वाचनाची आवड नाही, हे मी आता मान्य करून टाकलं आहे. तरी वाईट वाटलंच.

सगळी कादंबरी एका चित्रातून निघाली. मी नऊ वर्षांची. घाटकोपरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी. बाबा ट्रॉम्बेला कामावर निघालेत. कोपऱ्यावर जातात, वळतात, छत्री वर करून दोनदा हलवतात. एक पिवळं कुत्रं रस्ता ओलांडतं. मग कंपनीची बस मध्ये येते आणि ते दिसेनासे होतात. त्याच दिवशी बसमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला. वय एकोणचाळीस.

ते कादंबरीचं शेवटचं प्रकरण आहे. त्याच्यासाठीच बाकीची अडीचशे पानं लिहिली.

१२ नोव्हेंबर

मधुवंतीताईंचा पुन्हा फोन. आधी कागदाबद्दल, मुखपृष्ठाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "स्वरदा, एक विचारू? रागावू नकोस. तो छत्रीचा प्रसंग मी कुठेतरी पाहिलाय."

"पाहिलाय म्हणजे?"

"सिनेमात. जुन्या. नाव आठवत नाही. मास्तर असतो, गाव सोडून निघतो, वळून छत्री हलवतो. मग मध्ये एस.टी. येते."

मी म्हटलं, "ताई, ते माझे बाबा आहेत. मी तिथे उभी होते."

"असशील गं. कुणीही छत्री हलवू शकतं. फक्त खात्री करून घे. छापल्यावर कुणी बोट दाखवलं तर तुलाच त्रास होईल."

शांतपणे बोलल्या. मीच चिडले. फोन ठेवताना नीट निरोपही घेतला नाही.

१३ नोव्हेंबर

दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं. अकरावीच्या प्रॅक्टिकलला दोनदा चुकीचं भिंग दिलं.

१५ नोव्हेंबर

अंधेरीला सौरभकडे गेले. आम्ही एका कथास्पर्धेत भेटलो होतो, आता तो मालिका आणि वेब सिरीज लिहितो. त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

"एक सीन तर आहे यार! सगळेच उचलतात. मी तर पोट भरतो त्यावर."

"मी उचललेला नाही."

"बरं, नाही उचललास. मग टेन्शन कशाचं?"

सिनेमांकडून मी काय काय घेतलंय हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि ते मी कधी लपवलेलं नाही. कॉलेजात असल्यापासून आठवड्याला दोन सिनेमे बघते. प्रसंगात उशिरा शिरायचं आणि लवकर बाहेर पडायचं, हे तिथेच शिकले. रडणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवायचा नाही, पाठ दाखवायची, तेही तिथलंच. माझ्या पहिल्या कथेत माणसं पानभर विचार करायची. एका संध्याकाळी एक सिनेमा पाहिला, त्यात बाई नवऱ्याचा शर्ट घडी घालता घालता मध्येच थांबते, एवढंच. घरी येऊन मी ते विचारांचं पान फाडलं आणि बाईला भांडी घासायला बसवलं. कथा उभी राहिली. याला मी शिकणं म्हणते. दुसऱ्याचा बाप आपला म्हणून खपवणं वेगळं.

सौरभ म्हणाला, "शोधतो. जुन्या सिनेमांचा एक वेडा मित्र आहे माझा. मास्तर, छत्री, एस.टी. एवढं पुरे आहे त्याला."

निघताना म्हणाला, "सापडला तर बघशील ना?"

"का नाही बघणार?"

"तसं नाही. चेहरा बघ तुझा."

१६ नोव्हेंबर, रविवार

आईलाच सरळ विचारलं. ती बोंबील साफ करत होती.

"आई, बाबांनी त्या दिवशी वळून छत्री हलवली होती ना?"

तिची विळी थांबली नाही. "हो. हलवली ना."

"तू पाहिलंस?"

"तूच तर सांगतेस लहानपणापासून. आज काय नवीन?"

"पण तू पाहिलंस का?"

"अगं, हाताला घाण आहे माझ्या. तो नळ सोड जरा."

म्हणजे झालं की! आई हो म्हणते. ती तिथेच होती. उगाच चार दिवस जीव टांगणीला लावून घेतला. मधुवंतीताईंना कळवते उद्या.

१९ नोव्हेंबर

सौरभने लिंक पाठवली. खाली फक्त लिहिलं होतं, 'एक तास बावीस मिनिटं. सॉरी.'

कॉलेज सुटल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत बसून पाहिलं. काळापांढरा मराठी सिनेमा. नाव इथेसुद्धा लिहीत नाही. लिहिलं की माझं म्हणून काहीच उरणार नाही असं वाटतं.

मास्तर कोपऱ्यावर जातो. वळतो. छत्री वर करतो, दोनदा हलवतो. एक कुत्रं रस्ता ओलांडतं. मग एस.टी.

कुत्रंसुद्धा. माझ्या आठवणीत ते पिवळं आहे. सिनेमात अर्थातच करडं. त्याला रंग मी दिला. मास्तरच्या जागी बाबा मी उभे केले. एस.टी. काढून कंपनीची बस आणली. छत्री तेवढी होती तशी राहू दिली.

पाच वेळा पाहिलं. पाचव्या वेळी मास्तरचा चेहरा बाबांसारखा दिसायला लागला, तेव्हा फोन बंद केला.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुलुंडला रामनाथकाकांकडे गेले. बाबांचे धाकटे भाऊ, आता सत्तरीचे. घरचा गणपती तेव्हाही त्यांच्याकडेच असायचा. आईला सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. का खोटं बोलले, कुणास ठाऊक.

काकांना विचारलं, "बाबा गेले त्या दिवशी सकाळी मी कशी होते? रडले होते का?"

रागावले किंवा दचकले की ते मालवणीत शिरतात. "अगो, तू तर हयसरच होतंस!"

"इथे?"

"मग? पाच दिवसांचे गणपती. दादा आणि वहिनी तिसऱ्या दिवशी घाटकोपरला परत गेले. दादाला सुट्टी नव्हती. तू म्हणालीस, मी गौरीला राहणार. संध्याकाळी मैदानात पडदा लावला होता, सिनेमा होता. माझ्या खांद्यावर बसून पाहिलास अर्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. मीच तुला घेऊन गेलो घाटकोपरला."

"कुठला सिनेमा?"

"तो मास्तरचा. तू किती रडलीस. दुसऱ्या दिवशी घरी एवढी माणसं रडत होती आणि तू मात्र रडली नाहीस. तेव्हा वाटलं मला, पोरीचं रडणं आदल्या दिवशीच संपलं."

काकूंनी चहा आणला. मी प्याले. परत कशी आले ते आठवत नाही.

मी गॅलरीत नव्हतेच. शेवटच्या सकाळी मी बाबांना पाहिलंच नाही. छत्तीस वर्षं मी जे उराशी धरून बसले, ते मुलुंडच्या मैदानातलं पांढरं कापड आहे.

२४ नोव्हेंबर

मधुवंतीताईंना मेल केली. कादंबरी थांबवा. तो प्रसंग माझा नाही, आणि तो काढला तर कादंबरीच उरत नाही.

त्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. 'रडून झालं की फोन कर. कादंबरी कुठे पळून जात नाही.'

२६ नोव्हेंबर

आईला सांगितलं. काकांकडे गेल्याचंही सांगितलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल की तिची आठवणसुद्धा चुकीची निघाली. मी तिला समजावत होते, की माणसाच्या मनाचं असं होतं, एकाने सांगितलं की दुसऱ्यालाही दिसायला लागतं. ती ऐकून घेत होती. मी म्हटलं, "तर तो प्रसंग मी काढते आहे."

"काढू नकोस."

"आई, तो सिनेमातला आहे."

"असू दे. कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय. खोटं आहे ते."

"खोटं काय आहे त्यात?" तिचा आवाज चढला. "माणूस आनंदात गेला असं लिहिलंस, त्यात तुझं काय बिघडलं? राहू दे ते. हात लावू नकोस."

मग जेवलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

चार वर्षं एक ओळ वाचली नाही, आणि आता हिला एका प्रसंगाची एवढी काळजी! संपादक एक फोनवर, एक घरात.

वर लिहिलेलं वाचलं. चांगलं नाही ते. पण खोडत नाही. रागच आला होता.

२९ नोव्हेंबर

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. आज संध्याकाळी कपडे घडी करताना आई म्हणाली, "तो सिनेमा आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"उद्या दाखव."

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप लावला. आईने चष्मा पुसला, पदर नीट घेतला. थिएटरात बसल्यासारखी बसली. मधली गाणी तिला आवडली. एका ठिकाणी हसली. मी सिनेमा बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

एक तास बावीस मिनिटं. मास्तर वळला. छत्री हलवली.

"थांबव," ती म्हणाली.

मी थांबवलं. पडद्यावर मास्तरचा हात वर.

"हे असं?"

"हो. हे असं."

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तू पहिल्यांदा छत्रीचं म्हणालीस तेव्हा मला ठाऊक होतं, तू मुलुंडला होतीस. मी हो म्हटलं."

"का?"

"मला हवं होतं ते."

मग तिने सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

"गौरी यायच्या होत्या दुसऱ्या दिवशी. मला थांबायचं होतं मुलुंडला. पण ह्यांचा डबा कोण करणार, म्हणून आले परत. सकाळी साडेपाचला उठून पोळ्या केल्या, भाजी केली. डबा भरला. आणि हे म्हणतात, आज राहतो घरी, छातीत जड वाटतंय. मी असली भडकले! म्हटलं, डबा करायला मी गौरी टाकून आले आणि आता राहताय? नाटकं पुरे. निघा आता. काही बोलले नाहीत. चपला घातल्या, गेले. रोज मी गॅलरीत उभी राहायचे. त्या दिवशी नाही राहिले. राग आला होता ना."

मी लॅपटॉप बाजूला सरकवला.

"वळले की नाही, मला कसं ठाऊक असणार? मी बघितलंच नाही. लोकांना वाटायचं, हिने धक्क्याने तोंड बंद केलंय. तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, बाबांनी वळून छत्री हलवली. मला वाटलं, असेल. पोरीला कसं कळलं, हा विचार नाही केला. असेल, असंच म्हटलं. मग तू सांगत राहिलीस, मी हो म्हणत राहिले."

मी तिचा हात धरला. बोंबलांचा वास येतो म्हणून ती तो नेहमी लगेच सोडवून घेते. आज सोडवला नाही.

आता जे लिहिते ते कुणी वाचू नये. आई हे सांगत असताना मी तिच्या शेजारी बसून तिची वाक्यं पाठ करत होते. 'राग आला होता ना' हे तिने कसं म्हटलं, खाली बघून की सरळ, ते टिपत होते. आणि माझ्या डोक्यात कॅमेरा कुठे ठेवायचा हेसुद्धा चालू होतं. गॅलरी रिकामी. रस्ता दाखवायचाच नाही. मी मुलगी आहे की काय आहे?

१ डिसेंबर

आई सकाळी नेहमीसारखी. फक्त चहा देताना म्हणाली, "आता काढायचं तर काढ."

तिला चार वर्षं काय वाटत असेल, मी टेबलापाशी बसायचे तेव्हा? आणि मी समजत होते की हिला वाचनाची आवड नाही.

३ डिसेंबर

मधुवंतीताईंना फोन केला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मग लिही की."

"काय लिहू? सिनेमा काढून आईचं दुःख घालू? ते तर तिच्याकडून उचलल्यासारखं."

"सिनेमा का काढतेस? पोरीने काकाच्या खांद्यावर बसून पडद्यावर पाहिलं, आणि आपल्या बापाला दिलं. आई हो म्हणाली. हेच घडलंय ना? मग हेच लिही. त्या सिनेमाचं ऋण उघड मान्य कर. सुरुवातीच्या पानावर नाव टाक त्याचं, आपण परवानगीचं बघू."

"आणि आई?"

"ते मला नाही विचारायचं. आईला विचार."

आईला विचारलं. "लिही," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आधी मला वाचून दाखव."

१० डिसेंबर

मुलुंडचं मैदान झालं. काकांचा खांदा, पडद्याच्या मागच्या बाजूने बघणारी माणसं, ज्यांना छत्री उलट्या हातात दिसत होती. हे माझं आहे, खरंच आठवलं. की हेही कुठे पाहिलंय? सौरभला विचारलं. तो म्हणाला, "आता प्रत्येक ओळीला मला विचारणार आहेस का? लिही ना यार."

सकाळचा प्रसंग तीनदा लिहिला. आईच्या तोंडी ते शब्द घालवत नाहीत. छापील पानावर ते फार कठोर दिसतात. थोडे सौम्य केले.

१४ डिसेंबर, रविवार

आज वाचून दाखवलं. आई खुर्चीत, मी टेबलापाशी. मैदानाचा भाग ऐकताना तिने दोनदा मान हलवली. काका सिगरेट ओढत होते असं लिहिलं होतं, त्यावर म्हणाली, "तो अजून नाकारतो."

मग सकाळ आली. मी वाचलं, "'आज गेलात तर बरं होईल,' आई म्हणाली."

"मी असं नाही म्हणाले."

"आई, मी थोडं..."

"मी म्हणाले, नाटकं पुरे. निघा आता."

"लोक वाचतील ते. काका वाचतील. तुला काय काय म्हणतील."

"म्हणू देत. मी छत्तीस वर्षं म्हणतेय स्वतःला. तू लिहितेस ना? मग मी बोलले ते लिही."

मी खोडलं. टाइप केलं. नाटकं पुरे. निघा आता. आई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली, चष्म्यातून ती ओळ वाचली. परत जाऊन बसली.

"पुढे?"

"पुढे काही नाही. रिकामी गॅलरी. तिथे संपतं."

"तिथे नाही संपत," आई म्हणाली. "मी आत होते ना. त्यांचा अर्धा चहा राहिला होता, तो प्याले. गार झाला होता. तेवढ्यात राग गेलासुद्धा. माझा राग कधी टिकायचाच नाही, त्यांना ठाऊक होतं ते. त्या दिवशी आमच्या मैदानातही सिनेमा लागणार होता. म्हटलं, संध्याकाळी आले की दोघं जाऊ. तू नव्हतीस घरी. जुनी निळी साडी काढून ठेवली मी. लिहितेस ना?"

"लिहितेय."

"मग विचार काय विचारायचं ते."

मी विचारलं, "कुठला सिनेमा होता?"

"काय माहीत," आई म्हणाली. "गेलोच नाही ना."